एक छत, अनेक पिढ्या : म्हैसूरच्या संदर्भात सामुदायिक केंद्राचे नियोजन

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे महाराष्ट्रातील काही विद्यार्थी अभ्यासदौऱ्यानिमित्त म्हैसूर येथे आले असता त्यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



नगरनियोजन म्हटले की रस्ते, पाणीपुरवठा, मलनिस्सारण, वाहतूक आणि घरबांधणी हे विषय प्रथम डोळ्यांपुढे येतात. परीक्षेच्या अभ्यासक्रमातही त्यांनाच अग्रक्रम असतो, आणि ते योग्यच आहे. परंतु घर, कामाचे ठिकाण आणि बाजार यांखेरीज नागरिकाने जावे, बसावे, चार माणसांत मिसळावे अशी जागा कोणती, या प्रश्नाला विकास आराखड्यात बहुधा एका लहानशा रंगीत चौकोनाएवढेच स्थान मिळते. त्या चौकोनावर ‘सामुदायिक सभागृह’ असे लिहिलेले असते. यथावकाश तेथे इमारत उभी राहते, उद्घाटन होते आणि पुढे वर्षातील बरेच दिवस दाराला कुलूप दिसते.

आज मला या कुलपाविषयी बोलायचे आहे. लहान मूल, शाळकरी विद्यार्थी, नोकरीच्या शोधातील तरुण, गृहिणी आणि ज्येष्ठ नागरिक या सर्वांना सामावून घेणारे केंद्र नियोजित करताना आपण इमारतीचा आराखडा आधी काढतो. माझे प्रतिपादन असे की, भिंतींचा आराखडा काढण्यापूर्वी दिवसाचा आराखडा काढला पाहिजे. कोणत्या प्रहरी जागा कोणाची आणि किल्ली कोणाच्या हाती, हे ठरल्याशिवाय विटेवर वीट ठेवू नये.

म्हैसूरचा वारसा

या चर्चेसाठी म्हैसूर हे शहर अत्यंत उद्बोधक आहे. १ नोव्हेंबर २०१४ पासून त्याचे अधिकृत नाव ‘मैसुरू’ असे झाले. मराठीत रूढ असलेले ‘म्हैसूर’ हेच नाव मी सोयीसाठी वापरतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्लेगच्या साथीने मुंबईप्रमाणेच या शहरालाही हादरा दिला. मुंबईत १८९८ मध्ये सुधारणा विश्वस्त मंडळ स्थापन झाले. म्हैसूरमध्ये तसेच मंडळ १९०३ मध्ये आले. दाट वस्तीतील हवा व उजेड वाढवणे, नव्या वसाहती आखणे, रुंद रस्ते व उद्याने निर्माण करणे ही कामे त्याने हाती घेतली. १९८८ मध्ये त्याची जागा नगरविकास प्राधिकरणाने घेतली. म्हणजे शहराचा विस्तार योजनापूर्वक करण्याची येथील परंपरा शतकाहून अधिक जुनी आहे.

सार्वजनिक जीवनाची परंपराही तितकीच समृद्ध आहे. दिवाण रंगाचार्लू यांच्या काळात, १८८१ मध्ये, म्हैसूर संस्थानात प्रतिनिधी सभा सुरू झाली. त्यांच्या स्मरणार्थ उभारलेले नगरभवन आजही शहराच्या मध्यभागी आहे. मोहल्ल्यामोहल्ल्यांतील ‘गरडी मने’, म्हणजे आपल्याकडील तालमी, ही तरुणांची केंद्रे होती. जगनमोहन राजवाड्यातील योगशाळेत १९३३ पासून कृष्णमाचार्य योगाचे शिक्षण देत असत. आणि झाडाखालचा कट्टा तर सर्वत्र होताच. आपण ‘कट्टा’ म्हणतो, कन्नडमध्ये ‘कट्टे’ म्हणतात. शब्द जवळचा आणि वस्तूही तीच. पिंपळाच्या पारावर गावाच्या गोष्टी करणारी मंडळी कृष्णा ओलांडल्यावर बदलत नाहीत.

तथापि, या वारशाकडे केवळ गौरवाने पाहून चालणार नाही. तालीम तरुण पुरुषांची, कट्टा वयस्क पुरुषांचा, अग्रहार एका वर्णाचा, सभामंडप ज्यांना देवळात प्रवेश होता त्यांचा. स्त्रिया पाणवठ्यावर किंवा अंगणात भेटत. ज्या जातींना पारावर बसण्याची मुभा नव्हती त्यांच्यासाठी यांपैकी काहीच ‘सार्वजनिक’ नव्हते. स्वातंत्र्योत्तर काळात शासकीय निधीतून समाजमंदिरे आणि कर्नाटकात ‘समुदाय भवने’ बांधली गेली. परंतु त्यांतील अनेक एकेका समाजाच्या नावाने ओळखली जातात. ज्यांना पूर्वी कोठेच स्थान नव्हते त्यांना हक्काची जागा मिळाली, हे त्यांचे मोल नाकारता येणार नाही. पण सर्वांसाठी एक जागा हे उद्दिष्ट मात्र अपूर्णच राहिले.

लोकसंख्येची बदलती रचना

२०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या १०.३८ कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधीच्या २०२३ मधील अहवालानुसार २०५० पर्यंत हे प्रमाण २० टक्क्यांच्या पुढे जाण्याचा अंदाज आहे. दुसरीकडे, २०११ मध्ये शून्य ते सहा वयोगटातील बालकांचे प्रमाण १३.६ टक्के होते. एका टोकाला बालके, दुसऱ्या टोकाला वृद्ध आणि या दोघांची काळजी वाहणारी मधली पिढी, विशेषतः त्या पिढीतील स्त्री, असे हे चित्र आहे.

एकत्र कुटुंबात आजी-आजोबा नातवंडांना सांभाळत आणि नातवंडे त्यांच्या हाती काठी देत. विभक्त कुटुंबात हा विनिमय तुटला. मुलगा बंगळुरूला किंवा परदेशात, वृद्ध आईवडील म्हैसूरला, हे दृश्य येथे अपरिचित नाही. पुणे, नाशिक वा कोल्हापूरलाही ते अपरिचित नाही. शेजारच्या घरात त्याच वेळी नोकरीवर जाणाऱ्या दांपत्याला मूल कोठे ठेवावे ही विवंचना असते. दोन्ही गरजा एकाच गल्लीत असूनही त्यांची गाठ पडत नाही, कारण गाठ पडण्याची जागाच नाही.

राज्यघटनेने या दोन्ही टोकांची दखल घेतली आहे. अनुच्छेद ४१ वृद्धापकाळातील साहाय्याचा निर्देश करतो; २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीनंतरचा अनुच्छेद ४५ सहा वर्षांखालील बालकांचे संगोपन व शिक्षण राज्यावर सोपवतो. १९९९ चे राष्ट्रीय वृद्ध धोरण आणि २००७ चा आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायदा हे त्याच दिशेचे टप्पे होत. परंतु अंमलबजावणीच्या पातळीवर अंगणवाडी महिला व बालविकास विभागाकडे, ज्येष्ठ नागरिक सामाजिक न्याय विभागाकडे, वाचनालय ग्रंथालय विभागाकडे आणि सभागृह महापालिकेकडे. माणसे एका गल्लीत राहतात. त्यांच्या नस्त्या मात्र चार कार्यालयांत असतात.

निकष आणि प्रभाग

केंद्रीय नगरविकास मंत्रालयाच्या २०१४ च्या नगर व प्रादेशिक विकास आराखडाविषयक मार्गदर्शक सूत्रांत सामुदायिक सुविधांचे निकष दिले आहेत. त्यानुसार ५,००० लोकसंख्येमागे एक सामुदायिक खोली आणि १५,००० लोकसंख्येमागे सुमारे २,००० चौरस मीटर भूखंडावर एक सामुदायिक सभागृह व ग्रंथालय अपेक्षित आहे.

आता हे निकष म्हैसूरला लावून पाहू. २०११ मध्ये शहराची लोकसंख्या जवळजवळ नऊ लाख होती. २०१८ ची महापालिका निवडणूक ६५ प्रभागांत झाली. म्हणजे एका प्रभागात सरासरी सुमारे १४,००० लोक. निकषातील १५,००० आणि प्रभागाची ही सरासरी लोकसंख्या जवळपास सारखीच आहे. यातून एक सोपे सूत्र हाती येते : प्रत्येक प्रभागाला एक केंद्र. राष्ट्रीय सरासरी लावली, तर १४,००० वस्तीच्या प्रभागात साठ वर्षांवरील सुमारे १,२०० व्यक्ती आणि सहा वर्षांपर्यंतची सुमारे १,९०० बालके असतील. प्रत्यक्षात जुन्या अग्रहारात वृद्ध अधिक आणि नव्या वसाहतीत बालके अधिक, असा फरक पडेल. म्हणूनच राष्ट्रीय सरासरी हा केवळ प्रारंभबिंदू मानावा आणि प्रत्येक प्रभागात घरोघरच्या पाहणीने तो तपासून घ्यावा.

७४ व्या घटनादुरुस्तीने, जी १ जून १९९३ पासून अमलात आली, तीन लाख वा अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्यांची तरतूद केली. बाराव्या अनुसूचीत उद्याने, क्रीडांगणे यांसारख्या सुविधा, सांस्कृतिक व शैक्षणिक बाबींचे संवर्धन आणि दुर्बल घटकांच्या हितांचे रक्षण ही नागरी संस्थांची कार्ये म्हणून नोंदवली आहेत. सर्व वयोगटांचे केंद्र या तिन्ही नोंदींच्या संगमावर उभे राहते. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. आहेत त्या तरतुदी एकत्र वाचाव्या लागतात.

अन्यत्रचे अनुभव

जपानमधील तोयामा येथे तीन परिचारिकांनी १९९३ मध्ये एका घरात दिवसभराचे सेवाकेंद्र सुरू केले. तेथे वृद्ध, बालके आणि अपंग व्यक्ती एकत्र येत. वृद्धांचे अनुदान वेगळे, बालकांचे वेगळे आणि अपंगांचे वेगळे असल्याने हे केंद्र कोणत्याच चौकटीत बसेना आणि शासकीय साहाय्य मिळण्यास अडचण आली. पुढे शासनाने नियम शिथिल केले आणि ‘तोयामा पद्धत’ देशभर ओळखली गेली. नियम माणसांसाठी असतात, हा त्यातला धडा.

जर्मनीने २००६ मध्ये ‘बहुपिढी गृहां’चा राष्ट्रीय कार्यक्रम आरंभला. त्यातून देशभर सुमारे ५०० गृहे उभी राहिली. प्रत्येक गृहात कोणीही येऊन बसावे असा एक मोकळा दिवाणखाना असतो. महत्त्वाची बाब अशी की, केंद्र सरकारचे अनुदान मुख्यतः वार्षिक कामकाजासाठी, म्हणजे मनुष्यबळ व दैनंदिन खर्चासाठी दिले जाते. सिंगापूरमधील कम्पुंग ॲडमिरल्टी या २०१८ मध्ये खुल्या झालेल्या संकुलात ज्येष्ठांची घरे, वैद्यकीय केंद्र, पाळणाघर आणि खाद्यगृहे एकावर एक रचली आहेत. तेवढा खर्च आपल्या प्रभागाला पेलणारा नाही. पण पाळणाघर व ज्येष्ठांचे केंद्र शेजारी ठेवण्याची कल्पना अवश्य घेण्यासारखी आहे.

आपल्या घरचे अनुभवही कमी मोलाचे नाहीत. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजनेचा प्रारंभ झाला, तेव्हा कर्नाटकातील पहिला प्रकल्प याच म्हैसूर जिल्ह्यातील टी. नरसीपूर येथे सुरू झाला. बालवाडीची चळवळ मात्र त्याआधीच ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाड परिसरात रुजवली होती. मुलांना केंद्रात आणता येत नसेल तर केंद्र मुलांच्या अंगणात न्यावे, हा त्यांचा विचार होता. कर्नाटकाने २०१९ मध्ये ग्रामपंचायत स्तरावरील ग्रंथालये पंचायत राज विभागाकडे सोपवली आणि २०२० मध्ये ‘ओदुव बेळकु’, म्हणजे ‘वाचनाचा प्रकाश’, हा उपक्रम हाती घेऊन सहा ते अठरा वयोगटातील मुलांना विनामूल्य सदस्यत्व दिले. महाराष्ट्रातील महापालिकांची विरंगुळा केंद्रे आणि अभ्यासिका तुम्हाला परिचित आहेतच. प्रश्न असा की, विरंगुळा केंद्र सायंकाळी भरते आणि दुपारी रिकामे असते. अभ्यासिकेत मात्र बसायला जागा मिळत नाही. दोन्ही एकाच महापालिकेची, पण एकमेकांना अनोळखी.

आधी दिवस, मग भिंती

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. एका प्रभागातील केंद्राचा दिवस कसा असेल? पहाटे साडेपाच ते आठ ज्येष्ठांचे फिरणे, योगासने व व्यायाम. सकाळी साडेनऊपासून अंगणवाडी. अकरा ते चार या वेळेत महिला बचत गट, आरोग्य तपासणी आणि ज्येष्ठांचे वाचन. कर्नाटकात २०००-०१ पासून ‘स्त्री शक्ती’ योजनेतून बचत गटांचे जाळे विणले गेले आहे. त्यांच्या बैठकांना कायमची जागा मिळेल. चार ते सात शाळकरी मुलांचे खेळ व गृहपाठ. सात ते नऊ संगीत, नाटकाची तालीम, व्याख्याने. अभ्यासिका मात्र पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत. हे वेळापत्रक कागदावर मांडले की एक गोष्ट तत्काळ ध्यानात येते : पाच गटांसाठी पाच इमारती लागत नाहीत. तीन-चार खोल्या, एक सभागृह, एक ओसरी आणि अंगण पुरेसे होते.

परंतु वेळापत्रकातूनच संघर्षही दिसू लागतात. अंगणवाडीतील मुले दुपारी झोपतात, तेव्हा शेजारी ढोलकी वाजू नये. अभ्यासिकेला शांतता हवी आणि मुलांना आरडाओरडा हवा. वेगाने धावणारे मूल आणि गुडघेदुखीने त्रस्त वृद्ध एकाच अरुंद मार्गिकेत आले, तर अपघात ठरलेला. सर्वांनी सदैव एकत्र असावे हा आग्रह भाबडा आहे. कोठे एकत्र आणि कोठे वेगळे, हे ठरवणे म्हणजेच नियोजन. माझ्या मते ओसरी, अंगण आणि पाण्याची जागा सामाईक असावी. झोपण्याची, अभ्यासाची व तपासणीची खोली वेगळी असावी.

भिंतींचे नियम यानंतर येतात. प्रत्येक प्रवेशद्वारी एकास बारा उताराची उतरण, चाकाची खुर्ची सहज जाईल असे दार, हाताला आधाराचे दांडे, न घसरणारी फरशी आणि सर्वांना वापरता येणारी स्वच्छतागृहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने सार्वजनिक इमारतींची सुगम्यता बंधनकारक केली आहे; ती उपकार म्हणून द्यायची गोष्ट राहिलेली नाही. मुलांच्या सुरक्षिततेसाठी अंगणवाडीचे प्रवेशद्वार स्वतंत्र व सर्वांच्या दृष्टीस पडणारे असावे आणि तेथे काम करणाऱ्यांची पूर्वपडताळणी व्हावी. वृद्ध व बालके एकत्र येणे इष्ट आहे, पण ते देखरेखीखालीच.

किल्ली कोणाच्या हाती?

आता कुलपाचा प्रश्न. सभागृहाला नियमित उत्पन्न देणारा उपयोग एकच : लग्नसमारंभ. लग्नसराईत सभागृह भाड्याने जाते. त्या दिवशी अंगणवाडीची मुले घरी, ज्येष्ठ घरी आणि परीक्षा जवळ आलेला विद्यार्थी रस्त्यावर. महापालिकेला उत्पन्न हवे, गरीब कुटुंबाला स्वस्त मंगल कार्यालय हवे आणि दैनंदिन सदस्यांना त्यांची जागा हवी. तिन्ही मागण्या न्याय्य आहेत, म्हणूनच हा पेच खरा आहे. ज्या घराची मुलगी स्वस्त सभागृहामुळे कर्ज न काढता उजवली गेली, त्या घराला ‘लग्ने बंद करा’ असे सांगण्याचा अधिकार कोणत्याही नियोजनकाराला नाही.

यावर मध्यम मार्ग असा : सभागृहाला स्वतंत्र दार, स्वतंत्र पाणी व स्वच्छतागृह द्यावे, जेणेकरून समारंभाच्या दिवशीही अंगणवाडी, अभ्यासिका व ओसरी बंद होणार नाही. महिन्यातील समारंभांचे दिवस आगाऊ निश्चित व मर्यादित असावेत आणि ते दर्शनी फलकावर लावावेत. भाड्याचे उत्पन्न महापालिकेच्या सर्वसाधारण निधीत न जाता त्याच केंद्राच्या देखभालीच्या खात्यात जमा व्हावे. आणि आरक्षण कोणत्या समाजाचे, हा प्रश्न अर्जावरच नसावा.

अर्थकारणाचा विचारही येथेच करावा लागतो. खासदार स्थानिक क्षेत्र विकास योजना १९९३ पासून आहे. तिचा रोख टिकाऊ सामुदायिक मालमत्तेच्या निर्मितीवर आहे. म्हणजे इमारतीसाठी निधी मिळण्याचा मार्ग आहे, पण पहारेकरी, सफाई कामगार, ग्रंथपाल आणि विजेचे देयक यांसाठी नाही. आपल्याकडे पायाभरणीचा दगड असतो; दहाव्या वर्षीच्या रंगकामाचा दगड नसतो. ग्रंथालयांच्या बाबतीत कर्नाटकाच्या १९६५ च्या कायद्याने मालमत्ता करावर ग्रंथालय उपकराची तरतूद केली. महाराष्ट्राच्या १९६७ च्या कायद्यात असा उपकर नाही. तेथे सार्वजनिक ग्रंथालयांना अनुदान देण्याची पद्धत आहे. दोन्ही पद्धतींचे गुणदोष तुम्ही परीक्षेसाठी अभ्यासालच. मला अभिप्रेत असलेले तत्त्व एवढेच की, आवर्ती खर्चाचा स्रोत निश्चित झाल्याशिवाय भांडवली खर्चाला मंजुरी देऊ नये.

व्यवस्थापनासाठी प्रभाग समितीच्या अंतर्गत एक छोटे मंडळ असावे. त्यात ज्येष्ठ नागरिक, अंगणवाडी सेविका, बचत गटाची प्रतिनिधी, दिव्यांग व्यक्ती आणि अभ्यासिकेतील विद्यार्थी यांना प्रत्येकी स्थान असावे. किल्ली एकाच गटाकडे गेली की केंद्र त्या गटाचे होते, हा सार्वत्रिक अनुभव आहे. ती वेळापत्रकाप्रमाणे फिरती राहिली, तरच केंद्र सर्वांचे राहील.

समारोप

मित्रहो, २०१६ च्या स्वच्छ सर्वेक्षणात ७३ शहरांमध्ये म्हैसूरला पहिला क्रमांक मिळाला. रोज सकाळी कचरा उचलणारे हात आणि तो वेगळा करणारी घरे यांच्या सातत्याशिवाय असे यश मिळत नाही. सामुदायिक केंद्राचेही तेच आहे. त्याचे यश उद्घाटनाच्या दिवशी मोजायचे नसते. एखाद्या मंगळवारी दुपारी तीन वाजता तेथे किती माणसे, किती वयांची आणि किती समाजांची आहेत, हे मोजावे.

तुमच्यापैकी काही जण उद्या मुख्याधिकारी, गटविकास अधिकारी वा उपजिल्हाधिकारी व्हाल. सामुदायिक सभागृहाचा प्रस्ताव तुमच्या मेजावर येईल. सोबत नकाशा असेल, अंदाजपत्रक असेल, तांत्रिक मान्यता असेल. स्वाक्षरी करण्यापूर्वी त्यात दोन कागद आहेत का ते पाहा : दिवसाचे वेळापत्रक आणि पाच वर्षांच्या देखभालीची तरतूद. नसतील, तर प्रस्ताव परत पाठवा आणि ते कागद मागवा. ज्या अभ्यासिकेत बसून तुम्ही आज तयारी करत आहात, ती उघडी ठेवण्यासाठी कोणीतरी कधीतरी असाच आग्रह धरला असेल.